वेरूळच्या राणीला भेटायला

नौदल सोडून मामाला तीस वर्षं झाली, पण गोव्यात बोगमाळोला, नौदलाची जुनी विमानं बघायला जाऊया म्हटल्यावर त्याने पँटला इस्त्री केली. वेंगुर्ल्याहून सहाला निघालो. शिरोड्यात चहा, म्हापशात नेहमीची गर्दी, जुवारीचा नवा पूल, आणि दाबोळी विमानतळाला वळसा घालून पोचलो एकदाचे.

नौदल विमान संग्रहालयाच्या आवारात ती उघड्यावर उभी आहे. लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन. एका शेपटीऐवजी तीन, नाहीतर अंगाने थेट इसवण, म्हणजे सुरमई! एकच शेपटी ठेवली असती तर इतकी उंच झाली असती की हँगरात शिरली नसती. एअर इंडियाने तिचं नाव ठेवलं होतं ‘रानी ऑफ एलोरा’. मामा म्हणतो वेरूळची राणी. प्रवासी वाहून झाले, हवाई दलात राबून झालं, मग १९७६ साली नौदलाने या जातीची विमानं समुद्रावर टेहळणीला घेतली. मामा तेव्हा नुकता भरती झालेला मेकॅनिक.

तो सरळ इंजिनाखाली जाऊन उभा राहिला. “चार इंजिनं. एकेकात १८ सिलिंडर, सिलिंडराक दोन प्लग. कर हिशोब.”

१४४.

विमान उभं राहिलं की तेल ओघळून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच इंजिन पेटवलं तर पिस्टन तेलावर आपटून रॉड वाकतो. म्हणून आधी पंखा नुसता फिरवायचा, समोरून जाणारी पाती मोजायची, मगच ठिणगी. हे सांगताना मामाचं बोट हवेत गोल फिरत होतं आणि ओठ आकडे मोजत होते.

मी त्याला ‘परशुराम’ची गोष्ट सांगितली. भंगारात निघालेलं जुनं विमान, डकोटा, तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलं, हवाई दलाला भेट दिलं, आणि २०१८ साली ते स्वतःच्या पंखांवर भारतात आलं. (नाव आमच्या कोकणचं, स्वागत मात्र दिल्लीजवळ हिंडनच्या तळावर!) त्याच वर्षी लुफ्तान्सा या जर्मन विमान कंपनीने मात्र या राणीच्याच कुळातल्या स्टारलायनर विमानाला पुन्हा उडवायचा नाद सोडला, तोही दहाएक वर्षं खपल्यावर.

“डकोट्याक दोनच इंजिनं, १४ सिलिंडरांची,” मामा म्हणाला. “छप्पन प्लग. ता काय कठीण!”

त्याच्या मते खरं काम वेगळंच. “समुद्रावरना विमान इला काय आधी गोड्या पाण्यान आंघोळ. बाकीचा मगे.” मला त्याच्या घरची अ‍ॅल्युमिनियमची खिडकी आठवली. खाचेतून बोट फिरवलं की मिठासारखी पांढरी भुकटी लागते. विमानही त्याच धातूचं, आणि बोगमाळोचा वाराही तोच.

परतताना हट्टाने शिरोड्याच्या किनाऱ्यावर थांबलो, गाडी अगदी वाळूपर्यंत नेली. घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. मामी ताटं घेत होती. मामाने इस्त्रीच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले, विहिरीचा पंप चालू केला आणि गाडी चाकांपासून धुवायला घेतली.