एक्स२२० नोंदवही: वाइडवाइन प्लगइन आणि एफएसटॅबमधला एक शब्द

मागच्या नोंदीनंतर थिंकपॅड एक्स२२० घरात रोजच्या वापरात आला. एमसाटा स्लॉटमध्ये छोटी एसएसडी, तिच्यावर डेबियन १२ हे लिनक्स. मूळची हार्ड डिस्क काढली नाही, तिच्यावर होम, म्हणजे माझ्या फाइली आणि सेटिंग्जचं फोल्डर, हलवलं. लॅपटॉप २०११ सालचा असला तरी टाइप करायला अजूनही इतकं बरं वाटतं की त्याच्यावर घालवलेल्या प्रत्येक रविवारचं चीज होतं.

शनिवारी रात्री आईला एका स्ट्रीमिंग सेवेवर नाटक लावून दिलं आणि मी स्वयंपाकघरात गेले. दोन मिनिटांत हाक आली, "अगं, आवाज नाही, चित्र नाही, नुसतं काळं दिसतंय." फायरफॉक्सच्या वरच्या पट्टीत वाइडवाइन प्लगइन (कुलूपबंद व्हिडिओ उघडणारा ब्राउझरचा जोडभाग) कोसळल्याची सूचना होती. पान पुन्हा उघडलं, तेच. लॅपटॉप बंद करून सुरू केला, तरी तेच.

यूट्यूब चालत होतं, डिस्कवरच्या एमपी४ फाइलीही ब्राउझरमध्ये चालत होत्या. म्हणजे कोडेकचा, व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रश्न नव्हता, अडत होतं ते फक्त डीआरएमचं (नक्कल रोखणारं) कुलूप लावलेल्या व्हिडिओला. ही विभागणी आधी करून घ्या. मी पूर्वी असल्या वेळी सरसकट एफएफएमपेगची, म्हणजे कोडेकची, पॅकेजेस पुन्हा बसवायचे आणि त्यात रात्र जायची. तपासणीसाठी शाका प्लेअर या वेबवरच्या व्हिडिओ प्लेअरचं डेमो पान कामाला येतं. तिथे वाइडवाइनचे नमुना व्हिडिओ आहेत, वर्गणी लागत नाही. तिथेही काळंच.

सेटिंगमध्ये डीआरएमची खूण होती. अॅड-ऑनच्या पानावर प्लगइनच्या यादीत वाइडवाइन दिसत होतं, सुरूही होतं. मग प्रोफाइलच्या (फायरफॉक्स आपली सेटिंग्ज जिथे ठेवतो त्या) फोल्डरमधलं 'जीएमपी-वाइडवाइनसीडीएम' हे फोल्डर उडवलं, कॉन्फिगमधली त्याची आवृत्तीची नोंद रीसेट केली. फायरफॉक्सने थोड्या वेळाने प्लगइन पुन्हा उतरवून घेतला. उपयोग शून्य. नवीन प्रोफाइल केलं, त्यातही तोच प्रकार. नव्या प्रोफाइललाही जमत नाही म्हटल्यावर मी पॅकेजवर संशय घेतला आणि फायरफॉक्स ईएसआर काढून परत बसवला. तो तास फुकट गेला.

रविवारी सकाळी चहा घेताना सुचलं की ही दोन्ही प्रोफाइलं एकाच डिस्कवर आहेत. मग '/व्हार/टीएमपी' मध्ये, म्हणजे एसएसडीवर, तिसरं प्रोफाइल उघडलं. डीआरएमला परवानगी दिली, प्लगइन उतरला, आणि शाकाचा नमुना व्हिडिओ पहिल्या झटक्यात चालला! तेच मशीन, तोच ब्राउझर, फरक फक्त जागेचा.

खात्री करायला ब्राउझर बाजूला ठेवला आणि पायथॉन उघडलं. होममधल्या प्रोफाइलमधली लिबवाइडवाइनसीडीएम.एसओ ही प्लगइनची फाइल सीटाइप्सने (अशा फाइली लोड करणारं पायथॉनचं मॉड्यूल) लोड करायला सांगितली. उत्तर आलं: 'फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट'. तीच फाइल एसएसडीवर कॉपी केली, तिथून लोड केली, काही तक्रार नाही. फाइल धडधाकट होती. कर्नलच, म्हणजे लिनक्सचा गाभाच, होम डिस्कवरचा कोड मेमरीत चालवण्याजोगा म्हणून घ्यायला नकार देत होता.

डिस्क कोणत्या पर्यायांनी माउंट केली, म्हणजे जोडली, आहे हे सांगणाऱ्या 'फाइंडमाउंट -टी' ला (टी मोठ्या लिपीतला) होमचा पत्ता दिला आणि पर्यायांच्या रांगेत सापडलं: नोएक्झेक, म्हणजे 'इथला कोड चालवू नको'.

हे मी लिहिलंच नव्हतं. एफएसटॅब, म्हणजे कोणती डिस्क कशी माउंट करायची त्याची यादी असलेली फाइल, तिच्यातल्या ओळीत तर चक्क 'डिफॉल्ट्स,एक्झेक,यूझर' असं होतं. ही डिस्क आधी यूएसबी केसमध्ये होती, सुडोशिवाय, म्हणजे प्रशासकाचे अधिकार न घेता, माउंट करता यावी म्हणून तेव्हा 'यूझर' घातलं होतं. होम हलवताना तीच ओळ ठेवून फक्त माउंटची जागा बदलली. आता माउंट कमांडचं मॅन पान (तिची माहिती देणारं पान) नीट वाचलं तर तिथे स्पष्ट आहे: 'यूझर' हा पर्याय आपल्याबरोबर नोएक्झेक, नोसुइड आणि नोडेव्ह हे तिघे घेऊन येतो, आणि ते टाळायचे तर 'एक्झेक' त्याच्या नंतर यायला हवं. पर्याय डावीकडून उजवीकडे वाचले जातात, शेवटचा जिंकतो. माझं 'एक्झेक' आधी होतं, म्हणून पुसलं गेलं. ओळीत 'एक्झेक' दिसतंय म्हटल्यावर नजर दर वेळी पुढे सरकत होती.

एवढे दिवस दुसरं काही अडलं कसं नाही, हाही प्रश्न पडला. माझ्या स्क्रिप्ट मी 'बॅश' किंवा 'पायथॉन' असं पुढे लिहून चालवते, त्याला नोएक्झेक आडवं येत नाही, कारण चालतो तो '/यूएसआर' मधला प्रोग्रॅम. फायरफॉक्सही तिथलाच. होममध्ये राहून थेट मेमरीत चढणारी अशी ही एकच फाइल होती. फ्लॅशच्या काळात लिबफ्लॅशप्लेअर.एसओ बहुतेक वेळा '/यूएसआर/लिब/मोझिला/प्लगइन्स' मध्ये असायची, सिस्टिमच्या डिस्कवर. वाइडवाइन बंदिस्त आहे, डेबियन ते आपल्या पॅकेजमध्ये देत नाही, त्यामुळे फायरफॉक्स ते स्वतः उतरवून तुमच्या प्रोफाइलमध्ये ठेवतो. प्लगइनचा मुक्काम होममध्ये आला आहे, हे माझ्या डोक्यात अजून मुरलंच नव्हतं.

दुरुस्ती दोन मिनिटांची. आधी 'रीमाउंट,एक्झेक' देऊन तात्पुरतं तपासलं, फायरफॉक्स पुन्हा सुरू केला, व्हिडिओ लागला. मग एफएसटॅबमधून 'यूझर' काढूनच टाकलं, कायम बसवलेल्या होमला त्याची गरज नाही. 'सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' दिलं आणि एकदा रीबूट करून फाइंडमाउंट परत पाहिलं. ज्यांनी सुरक्षिततेसाठी होमवर नोएक्झेक मुद्दाम ठेवलं आहे, त्यांनी ते काढू नये, फायरफॉक्सचं प्रोफाइल दुसऱ्या विभाजनावर न्यावं.

चित्राच्या दर्जाबद्दल: लिनक्सवर वाइडवाइन सॉफ्टवेअरच्या पातळीवरच, म्हणजे एल३ वर चालतं, म्हणून बऱ्याच सेवा कमी रिझोल्यूशन देतात. या लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ आहे, ७२० मिळालं तरी डोळ्यांना पुरतं.

संध्याकाळी आईने नाटक पहिल्या अंकापासून लावलं आणि मध्यंतरातही उठली नाही. ते कुलूपबंद व्हिडिओ उलगडण्याचं काम सगळं प्रोसेसरवर पडतं, त्यामुळे दुसऱ्या अंकात पंखा चांगलाच घोंघावत होता. थर्मल पेस्ट आणून ठेवली आहे, पुढच्या रविवारी हीटसिंक उघडते.