तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या हस्कीला का नाही शिकवत?

नाही शिकवणार. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईवाल्यांना पुढचं वाचायला नको. प्रश्न नेहमी असा येतो की काकू, तुमची ती दोन गावठी कुत्री एवढी लाकडं ओढतात, आमचा तर हस्की आहे, ओढणं त्याच्या रक्तातच आहे, मग त्याला का नाही शिकवत? फोनवर विचारतात, लग्नात पानावर बसलं की विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी मी आ वासून खुर्चीत पडलेली असताना विचारलं. दोन वाक्यांत सांगितलं की कोणाला पटत नाही, म्हणून आता एकदाच लिहिते.

कॅनडात युकॉनला, व्हाइटहॉर्समध्ये लेकीकडे हिवाळ्यात राहून आले तिथून हे खूळ आलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. तिथे शर्यतीची कुत्री वेगळी, पण लेकीच्या शेजारच्या बाईंकडे सोफ्यावर झोपणारी, घरातलीच दोन कुत्री होती आणि ती रोज मागच्या ढिगातनं जळण स्लेजवरून, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या गाडीवरून, दारापर्यंत आणायची. मला बर्फाबिर्फापेक्षा त्या कुत्र्यांचा तोरा आवडला.

इथे इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे आमची वाडी, थंडीत रोज बंब पेटतो, आंबा-सुबाबूळ छाटलेलं लाकूड बांधावर पडलेलं, तर म्हटलं करून बघू. वेल्डरकडून सायकलच्या दोन चाकांची गाडी बनवून घेतली, पण पावसाळ्यात काळी माती चाकांना असली चिकटते की गाडी जागची हलत नाही, मग निळा प्लास्टिकचा ड्रम उभा अर्धा कापला, तो ओल्या गवतावरून झकास घसरतो. तीच आमची स्लेज. हार्नेस, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चढवायचा ओढायचा साज, मी शिवला, खाटेच्या नवारीचा, आतून जुन्या गोधडीचं अस्तर. गळ्यातल्या पट्ट्याला दोर बांधून कुत्र्याला ओढायला लावलेलं बघितलं की माझं डोकंच फिरतं, सगळा जोर श्वासनळीवर येतो, तो छातीवर यायला हवा आणि खांदे मोकळे हवेत. दीड वर्षाच्या आत वजन लावायचंच नाही, तोवर हाडांच्या टोकांची वाढ चालू असते. आधी नुसता हार्नेस घालून जेवण, मग मागे एक काटकी, कारण कुत्रं वजनाला घाबरत नाही, मागून येणाऱ्या खरखरीला घाबरतं. मग रिकामा ड्रम, मग चार लाकडं. आमच्या दोघांपैकी शेवंतीला वेळ लागला. गुंड्याला बिस्किट दाखवलं तर तो ट्रॅक्टरपण ओढेल.

आता हस्की का नको. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच, बाकी सगळी मदार धापेवर, आणि हवा दमट असली की धापही कमी पडते. ओढताना अंग आतून तापतं. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर, आतली नुसती लोकर. सायबेरियातल्या चुकची लोकांनी हे कुत्रं घडवलं ते बेताचं ओझं घेऊन लांबच लांब जायला. स्लेजवाले लोक पारा साधारण १५ अंशांवर गेला की कुत्री जुंपत नाहीत, बरेचजण १० लाच हात आखडतात. इंदुरात १५ च्या खाली म्हणजे काय, थंडीतल्या पहाटा, संपलं. आणि खरी गोम पुढे आहे, हस्की थांबत नाही. शेवंतीला गरम झालं की ती ड्रमसकट आंब्याखाली जाऊन बसते आणि वर माझ्याकडे बघून जांभई देते, मग तुम्ही काहीही करा. तिला ओढायला लावायची माझी हिंमत होते ती एवढ्याचसाठी, की ती नाही म्हणते.

स्नोईला ओळखणाऱ्यांनी इथून पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

नोव्हेंबर संपता संपता ते लोक आले, ओळखीतलेच. मुलगा कॉलेजात, त्याच्या हट्टापायी घेतलेला हस्की, तोच स्नोई, फ्लॅटमध्ये एसीत राहणारा, सोफा फाडून झालेला, शेजारीपाजारी वैतागलेले. मुलाला बाल्टो या स्लेजच्या कुत्र्याची गोष्ट तोंडपाठ. १९२५ साल, अलास्कातल्या नोममध्ये घटसर्पाची साथ, १,००० किलोमीटरच्या वर अंतर, २० गाडीवान, सुमारे १५० कुत्री, साडेपाच दिवसांत औषध पोचलं. मी म्हटलं अरे सगळ्यात लांबचा टप्पा टोगो नावाच्या दुसऱ्या कुत्र्यानं मारला, बाल्टो शेवटी गावात शिरला म्हणून न्यूयॉर्कात पुतळा त्याचा, आणि मुख्य म्हणजे तिथे पारा शून्याच्या कितीतरी खाली होता. तो म्हणाला, काकू पण ओढणं तर तेच ना.

तेव्हा मी हो म्हणायचे. डिसेंबरातली पहाट, धुकं एवढं की बांधावरचे आंबे दिसत नव्हते, ओट्यावरच्या थर्मामीटरवर ८. स्नोईला शिकवावं लागलंच नाही. हार्नेस चढवला, ड्रम अडकवला, आणि तो मान खाली घालून, पाठ सपाट करून जो निघाला, मी आजवर कोणतंच जनावर इतकं एकचित्त झालेलं बघितलं नाही. फ्लॅटमधला सगळा पिसाटपणा एका रेषेत गेला. वडील चष्मा पुसत होते. थंडीभर रविवारी येत राहिले, स्नोई वाडीचं फाटक दिसलं की गाडीत किंचाळायचा. जानेवारी सरला तसं मी सांगितलं, आता बंद, पुढच्या थंडीत बघू.

फेब्रुवारीच्या शेवटी ते न सांगता आले, साडेनऊला, सोबत मुलाचा मित्र कॅमेरा घेऊन. "काकू, फक्त व्हिडिओपुरतं, दोन राउंड." मी नाही म्हटलं. ऊन काही कडक नव्हतं, वारा होता, आपल्याला छानच वाटेल अशी हवा. वडील म्हणाले, "वहिनी, तुमचा तर ओढतोय की," कारण गुंड्या नेमका तेव्हा ड्रम घेऊन चालला होता. मी म्हटलं, "भाऊ, तो थांबतो. हा थांबणार नाही." चहा दिला, पोह्यांचा आग्रह केला, ते नको म्हणाले आणि गेले. हार्नेस माझ्या खुंटीवरच होता, हे मी सगळ्यांना सांगते, इथेही सांगते.

ते घरी गेले नाहीत. बायपासला एक कॉलनी आहे, रस्ते झालेत, घरं व्हायचीत, तिथे गळ्याच्या पट्ट्याला दोर बांधून स्कूटरचा टायर लावला. व्हिडिओ मी नंतर बघितला. जीभ रुंद होऊन एका बाजूला लोंबायला लागते, त्याच क्षणी थांबवायला हवं होतं, मुलगा "चल चल" ओरडतोय आणि तो ओढतोय. मग मागचे पाय फाकतात. तरी ओढतोय. आणि मला सगळ्यात जास्त काय छळतं सांगू, तो डिसेंबरातल्यासारखाच दिसतो, तशीच मान, तसेच कान, काहीच फरक नाही.

फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. ओरडून सांगितलं की अंगावर नळाचं साधं पाणी ओता, ओतत राहा, वारा घाला, ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, खाली वाफ कोंडते. त्यांनी टॉवेलात गुंडाळूनच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे आणला, घाबरले होते बिचारे. मी पोचले तेव्हा ताप ४२ च्या वर. कुत्र्याचा नेहमीचा ३८-३९. सलाईन, पंखे, पाणी. संध्याकाळी ताप उतरला, शेपूट हलली, मुलगा हसायला लागला आणि त्यानं घरी फोन लावला. मला हसता येईना. ताप उतरला तरी उष्माघात आत चालूच असतो, मूत्रपिंडं, आतडी, रक्त गोठायची सगळी यंत्रणा. रात्री हिरड्यांवर लाल ठिपके दिसायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मुलाकडे नाही. मग तो गेला.

आणि यावर आपल्या लोकांचं म्हणणं काय, तर काकूंनी नीट शिकवलं असतं तर वाचला असता! अरे शिकवून कुत्र्याला घाम फुटतो का? मुलगा माझ्याशी बोलत नाही. त्याला मी दोष देत नाही, म्हणजे देते, पण वीस वर्षांच्या पोराला किती द्यायचा.

हे म्हणतात, डिसेंबरात तू हो म्हणालीस तिथेच सगळ्यांना चटक लागली. मी म्हणते चटक त्याला जन्मतःच होती, आणि त्या थंडीतल्या पहाटा सोडल्या तर त्या कुत्र्याला मिळालं काय, एसी आणि फाडलेला सोफा? त्या पण नाकारायच्या होत्या? यावर हे गप्प बसतात, आणि मला पटवता आलं असं वाटतं तोवर रात्र होते आणि मीच यांच्या बाजूनं भांडायला लागते.

युकॉनहून परतले तेव्हा मीच हस्कीचं पिल्लू बघून आले होते हो. इथल्या इथे हस्कीची पिल्लं होतातच. ती तेव्हाची मी सांगायची, वाडीत गारवा असतो, मोठी झाडं आहेत, निभेल. पिल्लू घेतलं नाही ते शहाणपणानं नाही, किंमत ऐकून. तिला आज समोर बसवलं तरी ती ऐकेल असं मला वाटत नाही, ती म्हणेल तू घाबरट झालीस.

दुसऱ्या बाजूचे लोक आहेतच. एका बाईंनी फाटकावर उभं राहून १९६० चा प्राणी क्रूरता कायदा ऐकवला, गुंड्या तेव्हा तिच्या पिशवीत तोंड घालत होता. मी म्हटलं, त्याच कायद्याखालचे १९६५ चे नियम वाचलेत मी, ओझ्याच्या जनावरांचे. पारा ३७ च्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. बैल, रेडा, घोडा, गाढव, पार उंटापर्यंत सगळ्यांच्या ओझ्याचा हिशोब आहे, कुत्र्याचं नाव नाही. आणि ३७ काय घेऊन बसलात, माझी कुत्री २५ ला सुट्टीवर जातात, त्यांना कायद्याची गरज पडत नाही.

शेवंती आता म्हातारी झाली, मागचे पाय आखडतात, तिचा हार्नेस यंदा काढलाच. गुंड्या एकटा जमेल तेवढं आणतो, बाकी गडी आणतो. नवं गावठी पिल्लू आणायचं की नाही यावर घरात वाद चालू आहे, हे म्हणतात बास झालं, बंब मोडीत काढ आणि गीझर लाव. गीझर आहे खरं तर, वरच्या बाथरूममध्ये, पाहुण्यांसाठी.