कुरकुऱ्यांची जत्रा

न्यू जर्सीत बेसबॉल कार्डांचा, म्हणजे खेळाडूंची चित्रं असलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांचा, बाजार भरतो तो बऱ्याचदा एखाद्या फायरहाऊसच्या हॉलमध्ये. लांबलचक टेबलं, त्यांवर पुठ्ठ्याची पांढरी खोकी, कोपऱ्यात कळकट कॉफी आणि चहूकडे तक्रारी. या मंडळींना एकत्र येऊन कार्डं बघायची असतात की मनसोक्त कुरकुरायचं असतं, ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही. भाव फार चढले. भाव फार पडले. हल्लीच्या पोरांना खेळातलं काही कळत नाही, नुसता भाव कळतो. कॅमेऱ्यासमोर पाकिटं फोडून त्यातले हिस्से विकणाऱ्यांनी छंदाचा जुगार करून टाकला. एकदा तर एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांत 'चढले' आणि 'पडले' दोन्ही ऐकलं. घ्यायचं होतं ते चढलं होतं, विकायचं होतं ते पडलं होतं.

मी तिथं मुळात उपरी. क्रिकेटच्या देशातली, त्यातून बाई, तीही पन्नाशीकडे झुकलेली. "मुलासाठी घेताय का?" हा प्रश्न ठरलेला. मुलगा कार्डांकडे ढुंकूनही बघत नाही आणि नवरा त्यांना सरळ रद्दी म्हणतो. "माझ्यासाठीच घेतेय" म्हटलं की समोरचा जरा चपापतो, मग गुपचूप खोकं माझ्याकडे सरकवतो. आणि लगेच तक्रार सुरू करतो. आपल्यात घेतलं, याची ती खूण असावी.

तक्रारी खोट्या असतात असं मुळीच नाही. कोविडमध्ये घरात अडकलेल्या लोकांनी माळ्यावरची खोकी खाली काढली आणि या छंदात पैशाचा लोंढा आला. मे २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्डला टार्गेट या दुकानसाखळीच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून चौघेजण एकावर तुटून पडले, त्याने पिस्तूल बाहेर काढलं आणि त्यानंतर टार्गेटने काही काळ दुकानातली कार्डविक्रीच बंद ठेवली. त्याआधी मार्चमध्ये, कार्डांना एक ते दहा गुण देणाऱ्या पीएसए कंपनीकडे इतके ढीग साचले होते की त्यांनी बहुतेक सेवांसाठी नवी कार्डं घेणंच थांबवलं. पुठ्ठ्याच्या तुकड्याला दहापैकी नऊ मिळाले की दहा, यावर किंमत कितीतरी पटींनी बदलते. दहावीच्या टक्क्यांवरून घरात सुतक पाळणाऱ्या समाजातून मी आलेय, त्यामुळे मला हे सारं ओळखीचं वाटलं.

तेव्हा चिडायला जागा आहे. अशा वेळी कुणी 'सकारात्मक राहा' म्हणालं की माझ्या डोळ्यांसमोर व्हॉट्सॲपवरचा गुलाब आणि उगवता सूर्य येतो आणि होता तेवढा उत्साहही मावळतो. मला पटत नाही ते फक्त एक पालुपद: पूर्वी असं नव्हतं.

पूर्वी असंच होतं. होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड म्हणजे या छंदाचं आराध्यदैवत. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या मालिकेतलं. वॅग्नरने आपलं कार्ड काढायला हरकत घेतली, म्हणून ती मोजकीच बाहेर पडली. पोरांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून त्याने नकार दिला असं काहीजण म्हणतात, पैसे मिळाले नाहीत म्हणून दिला असं बाकीचे म्हणतात. कारण काहीही असो, दैवताचा जन्म तक्रारीतूनच झाला. पुढे १९९१ मध्ये पीएसएने गुण दिलेलं अगदी पहिलं, एक नंबरचं कार्ड म्हणजे याच वॅग्नरची एक प्रत. आठ गुण. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा आपण कापून नीटनेटक्या केल्या होत्या. म्हणजे पहिल्या पेपरालाच कॉपी! सत्ययुग नक्की कुठल्या साली होतं, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं.

अशा वेळी मला जेफरसन बर्डिक आठवतो. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा हा माणूस इलेक्ट्रिकल सामानाच्या कारखान्यात काम करायचा. एकटा जीव, संधिवाताने बोटं आखडलेली. कुणी विचारत नव्हतं त्या काळात त्याने सिगारेट, च्युइंगगम, कॉफी कशाकशाबरोबर आलेली कार्डं जमवली, त्यांची वर्गवारी लावली, सूची छापली. वॅग्नरच्या मालिकेला आजही टी-२०६ म्हणतात, ते बर्डिकच्या सूचीमुळे. त्यातला 'टी' टोबॅकोचा. मग त्याने सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. तीन लाखांहून जास्त चीजवस्तू, त्यात तीसेक हजार बेसबॉलची कार्डं. नुसती देऊन थांबला नाही. म्युझियमच्या मुद्राचित्र विभागात त्याला कोपऱ्यात एक टेबल मिळालं, तिथं बसून त्याने त्या दुखऱ्या बोटांनी एकेक कार्ड अल्बममध्ये चिकटवलं. हो, चिकटवलं! आज कार्डाला उघड्या बोटाने हात लावला तरी शेजारच्या टेबलावरून सुस्कारा ऐकू येतो, आणि हा गृहस्थ खळ लावत होता. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं कार्ड लागलं आणि मार्चमध्ये तो गेला. बर्डिक आयुष्यात बेसबॉलची एकही मॅच बघायला गेला नव्हता म्हणतात. तो भाव चढवण्याच्या विरुद्ध होता. त्याच्या सूचीत वॅग्नरची किंमत होती ५० डॉलर. ऑगस्ट २०२२ मध्ये अशीच एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. पण बर्डिकचं काही गेलं असं मला वाटत नाही. त्याला हवं होतं ते सगळं त्याच्या टेबलावर होतं.

भावाच्या मागे धावण्यात एक गंमतही दडलेली आहे. टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या मालिकेची न खपलेली खोकी तिथल्याच साय बर्गरने १९६० मध्ये कचऱ्याच्या तराफ्यावर लादून आमच्या इथल्याच समुद्रात बुडवली, असं त्यानेच सांगून ठेवलंय. उरलेली आयांनी घर आवरताना फेकली. म्हणूनच तर त्यातलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. हे असे आकडे ऐंशीच्या दशकात वाढू लागले तेव्हा अख्खा देश शहाणा झाला. प्रत्येकाने पोराच्या कॉलेजच्या फीसाठी म्हणून खोकीच्या खोकी जपून ठेवली आणि कंपन्यांनीही मागणी बघून छापखाने धडधडत ठेवले. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मीळ काय राहणार? त्या काळाला इथं 'जंक वॅक्स' म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद. जंक काय, ते सांगायला नको.

माझा जीव नेमका त्या जंकवर. १९८७ चा टॉप्सचा संच. कडेला लाकडी फळीसारखी चौकट, डाव्या कोपऱ्यात गोलात टीमचं चिन्ह, खाली रंगीत पट्टीत खेळाडूचं नाव. एकूण ७९२ कार्डं. छापखान्यात १३२ कार्डांचा एक तक्ता निघायचा, असे सहा तक्ते. नऊ कप्प्यांच्या प्लास्टिकच्या पानात भरायला घेतलं की बरोब्बर ८८ पानं होतात, एकही कप्पा रिकामा राहत नाही. हा हिशोब जमला तेव्हा मला ओट्यावरचे सगळे डबे एकाच मापाचे निघाल्याचा आनंद झाला. अख्खा संच एकरकमी घ्यायचा तर दोन पिझ्झाचे पैसे पुरतील, पण मी सुटीसुटी कार्डं शोधते. काहींच्या पाठीवर च्युइंगगमचा तेलकट आयताकृती डाग असतो. गुण देणारे त्याला दोष म्हणतात. मला तो असलेलंच कार्ड आवडतं. त्यावरून कळतं, हे कुणा पोराच्या पाकिटातून निघालंय.

अशा खोक्यांचा मालक बहुधा बाजारातला सगळ्यात मोठा कुरकुऱ्या असतो. असाच एकजण, बसची ड्रायव्हरकी करून रिटायर झालेला, मला बराच वेळ टेबलाच्या वाढत्या भाड्यावर ऐकवत होता. मी मान डोलवता डोलवता कार्डं चाळत होते. त्याला दुजोरा द्यावा तर गाडी उतारालाच लागते आणि वाद घालावा तर अजूनच जोर चढतो. म्हणून मी मध्येच विचारलं, "तुमचं स्वतःचं आवडतं कार्ड कोणतं हो?"

तो थांबला. पाकिटातून, डॉलरच्या नोटांमधून, एक कार्ड काढलं. कोपरे पार गोलाकार झालेले, राखाडी चौकट, मधोमध एक चुणी. न्यूयॉर्कच्या मेट्स टीमचा रॉन स्वोबोडा, १९७०. "दोन डॉलरही येणार नाहीत," तो म्हणाला, आणि मग कार्ड माझ्या हातात ठेवून चक्क टेबलाबाहेर आला. ऑक्टोबर १९६९, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा चौथा सामना, शे स्टेडियम, नववी इनिंग. समोरच्या टीमच्या ब्रूक्स रॉबिन्सनचा फटका, उजव्या बाजूला कुणीच पोचणार नाही असा. स्वोबोडा कसा धावला, कसा आडवा झेपावला, हातमोज्याचा पंजा जमिनीलगत कसा उलटा आला, ते त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाने कॉफीच्या टेबलापर्यंत धावून दाखवलं. झेप घेतली नाही, गुडघ्यांनी परवानगी दिली नाही, पण हात मात्र पुरता लांबवला. आजूबाजूचे चार विक्रेते गिऱ्हाईक सोडून बघत होते. त्यातल्या एकाने लगेच दुरुस्ती केली, की तो झेल घेतला तरी बरोबरीचा रन झालाच होता. झाला होता, पण दहाव्या इनिंगमध्ये मेट्सनी सामना मारला आणि दुसऱ्या दिवशी सिरीजही. पुढची दहा मिनिटं हॉलच्या त्या कोपऱ्यात भावाचं नाव कुणी काढलं नाही.

अकराव्या मिनिटाला टेबलाच्या भाड्याचा विषय पुन्हा निघाला, तो भाग वेगळा.

हा प्रश्न मी आता सर्रास वापरते. सगळीकडे चालतोच असं नाही. एका तरुणाने उत्तरादाखल फोनवर किमतीचा आलेखच दाखवला. "आवडतं म्हणजे सगळ्यात जास्त वाढलेलं ना?" त्याने निरागसपणे विचारलं. राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याचा स्वोबोडा अजून खेळायला उतरला नसेल. कदाचित उतरणारही नाही, आणि तेही त्याच्या पैशाने चाललंय, माझ्या नाही.

ड्रायव्हरकाकांनी निघताना १९८७ च्या कार्डांचा एक गठ्ठा माझ्या पिशवीत कोंबला. पैसे देऊ केले तर म्हणाले, "राहू दे, हल्ली हे फुकट दिलं तरी कुणी घेत नाही." हीदेखील तक्रारच. घरी येऊन क्रमांक लावले तर त्यात मॅग्वायर या खेळाडूची कार्डं दोन निघाली, ३६६ नंबरची, दोन्ही गमच्या डागासकट. बॉन्ड्स, ३२० नंबर, अजून हवाच आहे. तुमच्या अमेरिकेतल्या कुणा भावाबहिणीच्या तळघरात एखादं जुनं खोकं पडलं असेल तर जरा बघायला सांगा. कोपरे झिजलेले चालतील. बदल्यात एक मॅग्वायर देईन, आणि भाव कुणीच विचारायचा नाही.