उन्हातील पांढरे बगळे : संपादन आणि शार्पनिंगची प्रगती

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव परिसरात टिपलेल्या बगळ्यांच्या आणि चमच्या (स्पूनबिल) पक्ष्यांच्या छायाचित्रांचे संपादन मी या हिवाळ्यापासून नव्या क्रमाने करीत आहे, आणि निदान मोठ्या बगळ्यापुरता तरी हा क्रम आता स्थिरावला आहे. त्यामागचा विचार असा की पांढऱ्या पिसांतील तपशील मुळात छटांमध्ये असतो. छटा जागेवर बसल्या की शार्पनिंगला, म्हणजे कडा रेखीव करण्याला, फार थोडे काम उरते.

पांढऱ्या पिसात रंगद्रव्य नसते. केराटिन आणि त्यातील हवेच्या सूक्ष्म पोकळ्या यांवर प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून ते पांढरे दिसते. साहजिकच एक पीस दुसऱ्यापासून वेगळे कळते ते दोहोंमधल्या फिकट सावलीमुळेच, आणि 0 (काळा) ते 255 (शुभ्र) या मापावर ही सावली बहुधा 225 ते 245 च्या आसपासच्या चिंचोळ्या पट्ट्यात अडकलेली असते. शार्पनिंग शेजारच्या पिक्सेलांमधील फरक वाढवते. जिथे फरकच शिल्लक नाही तिथे ते फक्त नॉइज, म्हणजे चित्रातील दाणेदारपणा, वाढवते.

म्हणून सुरुवात एक्स्पोजरपासूनच, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा यापासूनच, करावी लागते. गडद पाण्यासमोर बगळा उभा असला की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) पाण्याला मध्यम करड्याकडे ओढतो आणि पक्षी जळतो, म्हणजे तपशील हरवून नुसता पांढरा होतो. तोच बगळा उजळ आकाशासमोर आला की मीटर उलट दिशेने फसतो. यावर मी आता मॅन्युअल मोडच वापरतो. भर उन्हात एफ/16 ला आयएसओच्या व्यस्तांकाइतका शटरस्पीड, हा फिल्मच्या काळातील नियम पांढऱ्या पक्ष्यासाठी एक स्टॉप (म्हणजे निम्मा प्रकाश) कमी करून घेतला, तर आयएसओ 400 ला एफ/8 आणि 1/3200 सेकंद असे मापन मिळते, जे उडणाऱ्या बगळ्यालाही पुरते. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्थातच त्यापेक्षा जास्त प्रकाश घ्यावा लागतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे : कॅमेऱ्याच्या पाठीवरील हिस्टोग्राम (छटांच्या वाटणीचा आलेख, उजवीकडे उजळ छटा) जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो उजव्या भिंतीला किंचित टेकला तरी रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीत, बहुधा थोडी जागा उरलेली असते. ती जागाही संपली की दिवसाच्या प्रकाशात सहसा हिरवा चॅनल आधी भरतो, आणि मग हायलाइटचा स्लायडर कितीही खाली ओढला तरी पिसांऐवजी सपाट करडा डाग हाती येतो. दुसऱ्या टोकाला, भीतीपोटी दोन-तीन स्टॉप कमी प्रकाश घेणेही मला पटत नाही, कारण 14 बिटच्या रॉ फाइलमधील 16384 पायऱ्यांपैकी 8192 सर्वांत उजळ स्टॉपमध्येच असतात आणि आपला बगळा नेमका त्याच परिसरात राहतो.

लाइटरूम या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मी प्रथम प्रोफाइल, म्हणजे रॉ फाइलला दिले जाणारे मूळ रंगरूप, बदलतो. नेहमीच्या प्रोफाइलचा टोन कर्व्ह (छटांचा उजळपणा ठरवणारी वक्ररेषा) वरच्या छटा दाबतो, आणि नंतर त्या उलगडण्यापेक्षा सौम्य प्रोफाइलपासून निघणे सोपे जाते. त्यानंतर पक्ष्याचा मास्क करून, म्हणजे बदल फक्त त्याच्यापुरते मर्यादित ठेवून, एक्स्पोजर थोडे उतरवतो आणि कर्व्हचा फक्त वरचा भाग तीव्र करतो. पिसांचे थर खऱ्या अर्थाने येथेच सुटे होतात. हायलाइट खाली ओढण्याचा मोह आवरावा, कारण त्याने बगळा मळकट दिसू लागतो. व्हाइट्स (सर्वांत उजळ छटांचा स्लायडर) ठरवताना ऑल्ट कळ दाबून ठेवली की कोणते पिक्सेल जळत आहेत ते लगेच दिसते. सावलीच्या बाजूला आकाशाचा निळा रंग उतरतो आणि मग बगळा नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखा दिसतो. तेवढ्या भागापुरते तापमान किंचित उबदार करावे, पण निळसरपणा पूर्ण पुसू नये, कारण पक्ष्याची गोलाई त्यावरच कळते.

शार्पनिंगमध्ये त्रिज्या 0.7 च्या आसपास, अमाउंट 40 च्या आत आणि मास्किंग 70 च्या पुढे, एवढ्यावर मी थांबतो. मास्किंग वाढवल्याने शांत पाणी बाजूला राहते आणि डोळा, चोच व पिसांच्या कडा एवढ्याच उचलल्या जातात. पांढऱ्या पक्ष्याची खरी अडचण कडेभोवती उमटणाऱ्या उजळ कडीची (हेलोची) आहे. काळपट पाण्यासमोरील मानेच्या कडेला शार्पनिंग पांढऱ्या बाजूला अधिक पांढरे करते, आणि आधीच 240 वर असलेली ती रेघ थेट 255 वर जाते. यावर फोटोशॉपमध्ये शार्पनिंगचा थर दोनदा ठेवून एकाला डार्कन (फक्त गडद करणारा) आणि दुसऱ्याला अगदी कमी अपारदर्शकतेचा लाइटन (फक्त उजळ करणारा) मोड देणे हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटला. ज्यांना मोफत साधन हवे आहे त्यांनी रॉथेरपीमधील कॅप्चर शार्पनिंग जरूर पाहावे. ते धूसरपणा गणिताने कमी करणाऱ्या रिचर्डसन-लूसी पद्धतीवर आधारलेले आहे. 1993 च्या दुरुस्तीपूर्वी हबल दुर्बिणीची धूसर चित्रे सुधारण्यासाठी हीच पद्धत वापरली जात असे, हे पक्षीछायाचित्रकारांना ऐकायला गमतीचे वाटेल. पडद्यासाठी चित्र लहान केल्यानंतरचे शार्पनिंग वेगळे आणि हलके करावे, आणि ते शंभर टक्के आकारातच तपासावे.

ऊन चढल्यावर पाण्यावरून उठणाऱ्या गरम हवेने थरथरलेली चौकट मात्र या कशानेच सुधारत नाही. अशा चौकटी मी आता संपादनाला घेतच नाही.

पुढचा टप्पा छपाईचा आहे. 255 वर गेलेल्या जागी प्रिंटर शाई टाकत नाही आणि तिथे नुसता कागद दिसतो, म्हणून मॅट कागदासाठी सर्वांत उजळ पीस 245 च्या खाली ठेवून चाचणीच्या पट्ट्या काढायच्या आहेत. त्यासाठी पंख उघडलेल्या चमच्याचे चित्र निवडले आहे, कारण त्यात उन्हातील आणि सावलीतील दोन्ही पांढरे शेजारी शेजारी आहेत.