फ्लोराइड मोजणारा फ्लोराइडचाच खडा

गेल्या शनिवारी मावशीने यवतमाळहून ट्रॅव्हल्सने हापशाच्या पाण्याची बाटली पाठवली, सकाळी सहाला पुण्यात संगमवाडीला जाऊन घेतली आणि थेट लॅबला नेली. त्या जिल्ह्यात बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, मावसभावाच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी पट्टे आहेत, त्यामुळे हे टेस्टिंग माझ्यासाठी नुसतं काम नाही.

फ्लोराइड मोजायला पाण्यात बुडवायची कांडी, म्हणजे इलेक्ट्रोड असतो ना, त्याच्या टोकाला एक छोटी चकती असते, लँथेनम या धातूच्या फ्लोराइडच्या क्रिस्टलची. फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ साली हा इलेक्ट्रोड आणला. मला ती चकती बनते कशी याचंच जास्त वेड आहे. लँथेनम ऑक्साइडची पांढरी पूड ॲसिडमध्ये विरघळवायची, त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड घातलं की पांढरा बुळबुळीत साका बसतो, गाळताना अक्षरशः जीव जातो. काचेचं भांडं चालत नाही, हे ॲसिड काच खातं. आणि पातळ ॲसिड कातडीला लागलं तर आधी दुखतही नाही, आत मुरत जातं, म्हणून त्यावर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसेल तर बाटली उघडायचीच नाही, हे मी प्रत्येक नवीन पोराला सांगते.

खरी कसोटी वाळवताना. साक्यात पाणी अडकलेलं असतं, नुसतं भट्टीत तापवलं तर त्या वाफेमुळे थोडा फ्लोरिन निघून जातो, त्याच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि हातात ऑक्सिफ्लोराइड येतं. म्हणून हायड्रोजन फ्लोराइड वायूच्या झोतात नाहीतर अमोनियम बायफ्लोराइड मिसळून तापवतात. मग हवा काढून साधारण १५०० अंशाला वितळवायचं आणि सावकाश गार करत क्रिस्टल वाढवायचा, त्यात किंचित युरोपियम या दुसऱ्या धातूचं फ्लोराइड. लँथेनमला तीन फ्लोराइड लागतात, या युरोपियमला दोनच, म्हणजे एक जागा रिकामी राहते आणि शेजारचा फ्लोराइड तिथे सरकतो, मग त्याच्या जागी पुढचा. करंट असा वाहतो! पाण्यातले दुसरे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, आत शिरत नाहीत, फक्त हायड्रॉक्साइड त्रास देतो, म्हणून बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) घालून पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५ ते ५.५ ठेवायचा.

रीडिंग आलं २.३ मिलिग्रॅम लिटरला. मर्यादा १ ची, दुसरी सोयच नसेल तर १.५.

मावशीला फोन केला, ती म्हणाली "उकळून पिऊ का गं?" नको मावशी, उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. पुढच्या शनिवारी ती शेजारच्या विहिरीची बाटली पाठवतेय.