आमची वाटचाल : अपग्रेडनंतर न उघडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागावर

छोट्या व्यवसायांना बिलिंग, स्टॉक आणि पगारपत्रकाची सॉफ्टवेअर बसवून द्यायची, माणसांना ती शिकवायची आणि अडलं तर जाऊन बघायचं, एवढंच आमच्या फर्मचं मूळ काम. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला आणि या कामाचा चेहरा बदलला. एक्सपीवरून थेट विंडोज सेव्हनवर गेलेल्या कार्यालयांचे फोन सुरू झाले. तक्रार बहुतेक एकाच शब्दांत यायची : "काल चालत होतं, आज उघडत नाही."

त्या तक्रारींनी आमची दिशा ठरवली. सॉफ्टवेअर रात्रीतून बदललेलं नसतं. ज्याच्या भरवशावर ते इतकी वर्षं चाललं, ती एखादी परवानगी, एखादा ड्रायव्हर (उपकरण विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम) किंवा नेटवर्कवरची वाट नव्या विंडोजनं काढून घेतलेली असते. ती नेमकी कोणती हे सापडलं की दुरुस्ती सहसा छोटी असते. "फॉरमॅट मारा आणि पुन्हा टाका" हा उपाय म्हणूनच आमच्याकडे सर्वांत शेवटी येतो. पुन्हा टाकलेलं सॉफ्टवेअर पुन्हा त्याच भरवशावर उभं राहतं.

आम्हाला सर्वांत जास्त शिकवलं ते 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या एका फोल्डरनं. एक्सपीच्या काळात जवळपास प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लॉगिन करायचा आणि सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचं. २००७ साली आलेल्या व्हिस्टानं हे बंद केलं. पण जुनी सॉफ्टवेअर एकदम कोसळू नयेत म्हणून विंडोजनं एक सोय ठेवली. जुन्या ३२ बिट प्रोग्रामनं प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला, की ती फाइल गुपचूप त्या युजरच्या स्वतःच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये लिहिली जाते. प्रोग्रामला याचा पत्ता लागत नाही, माणसाला तर नाहीच.

एका वितरकाकडे याचा परिणाम असा दिसला. एकाच मशीनवर सकाळी एक कारकून बसायचा, दुपारनंतर दुसरा, आणि दोघांची लॉगिन वेगळी. सकाळचा स्टॉक दुपारी जुळेना. एकाला वाटायचं दुसरा नोंदी खोडतोय, दुसऱ्याला वाटायचं पहिला नोंदी करतच नाही. प्रत्यक्षात दोघंही प्रामाणिकपणे काम करत होते, दोन वेगळ्या फाइलींमध्ये. मूळ फाइल अपग्रेडच्या दिवशी होती तशीच प्रोग्राम फाइल्समध्ये पडून होती, आणि रोजचा बॅकअप नेमका तिचाच होत होता. त्यातला हा बॅकअपचा भाग मला आजही सर्वांत गंभीर वाटतो. बॅकअप रोज यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि आत एकही नवी नोंद नसते.

दोन्ही प्रतींमधली व्हाउचरं तारीखवार लावून एकत्र केली. डेटा प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर स्वतंत्र फोल्डरमध्ये नेला, त्या एका फोल्डरवर सर्व युजरना लिहिण्याची परवानगी दिली आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नवा पत्ता भरला. तेव्हापासून अपग्रेड झालेल्या मशीनवर आम्ही पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो : आजची नोंद कोणत्या फाइलमध्ये गेली?

अशा वेळी इतर लोक हमखास सुचवतात तो उपाय म्हणजे आयकॉनवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. मी याच्या ठाम विरोधात आहे. वर सांगितलेल्या ठिकाणी तो केला असता तर सॉफ्टवेअरनं मूळ जुनी फाइल उघडली असती आणि नोंदींची तिसरी मालिका सुरू झाली असती. दुसरा तोटा नेटवर्कवर दिसतो. डेटा सर्व्हरवर, म्हणजे मुख्य मशीनवर असतो आणि नोडवर, म्हणजे त्याला जोडलेल्या इतर मशीनवर, तो झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेला असतो. तो ड्राइव्ह युजरच्या साध्या लॉगिनला जोडलेला असतो. प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केला की तो वेगळ्या सत्रात जातो आणि तिथे झेड ड्राइव्ह नसतोच. 'माय कॉम्प्युटर'मध्ये ड्राइव्ह दिसतोय, फाइल हातानं उघडतेय, आणि सॉफ्टवेअर म्हणतंय पाथ सापडत नाही. आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरची टिक कायमची लावलेली असेल तर ती काढायची आणि ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावानं सुरू होणारा पूर्ण पत्ता द्यायचा, की प्रश्न मिटतो.

६४ बिट विंडोजचा टप्पा वेगळ्या प्रकारे कठीण गेला. डॉसच्या काळातली पॅकेजं आणि इतर १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाहीत, आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच येतं. इथे दुरुस्ती नसते, डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचा असतो, आणि हे ग्राहकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं. ३२ बिट सॉफ्टवेअर मात्र चालतात, फक्त त्यांची जोडणी चुकीच्या जागी झालेली सापडते. प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या ओडीबीसी या सोयीची जोडणी करणारी साधनं दोन आहेत, एक ६४ बिट आणि एक ३२ बिट, आणि दोन्हींच्या फाइलचं नाव तेच. त्यात भर म्हणजे ६४ बिट साधन सिस्टिम३२ फोल्डरमध्ये असतं आणि ३२ बिट साधन सिसवाऊ६४ मध्ये. एका ठिकाणी केलेला सिस्टिम डीएसएन (त्या जोडणीची नावानिशी नोंद) दुसऱ्या बाजूच्या प्रोग्रामला दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या जुन्या फाइली उघडणारं जेट ४.० इंजिनही केवळ ३२ बिट आहे. ६४ बिट म्हणून चालणारा प्रोग्राम ते शोधायला गेला की 'प्रोव्हायडर रजिस्टर नाही' असं उत्तर येतं.

नेटवर्कच्या तक्रारीत बहुतेक वेळा दोनच कारणं सापडली. अपग्रेडनंतर नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' झालेला असतो आणि फायरवॉल सर्व्हरकडे येणारी विनंती अडवते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेससाठी टीसीपी १४३३ आणि नेम्ड इन्स्टन्स (वेगळं नाव देऊन बसवलेली प्रत) असेल तर यूडीपी १४३४ हे पोर्ट (नेटवर्कची दारं) तपासायचे. पूर्ण फायरवॉल बंद करून "आता चालतंय बघा" म्हणणं आमच्याकडे चालत नाही. दुसरं कारण जुन्या स्टोरेज डिव्हाइसचं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, नव्यानं टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी १ हा फाइल शेअर करण्याचा जुना प्रोटोकॉल येत नाही. तो पुन्हा चालू करणं काही मिनिटांचं काम आहे, पण मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच्याच उणिवेतून पसरला होता. म्हणून आम्ही डिव्हाइसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलतो, नाहीतर डेटा दुसरीकडे हलवतो. ग्राहक त्या दिवशी नाराज झाला तरी चालेल.

विंडोज ११ बरोबर आलेल्या एका प्रश्नावर मी थोडा जास्त वेळ थांबेन, कारण त्यात घाबरून डेटा गमावण्याचा धोका आहे. अपग्रेड नीट होतो, पण एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस (मागे सतत चालणारा त्याचा भाग) सुरूच होत नाही. लोक एसक्यूएल सर्व्हर काढून पुन्हा टाकतात, आणि ते टाकणंही अर्ध्यात अडकतं. कारण डिस्कमध्ये असतं. काही एनव्हीएमई (नव्या, वेगवान) डिस्क आपल्या सेक्टरचा, म्हणजे एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा, आकार ४ किलोबाइटपेक्षा मोठा सांगतात. विंडोज ११ ते उत्तर जसंच्या तसं पुढे देतं, आणि एसक्यूएल सर्व्हर ५१२ बाइट किंवा ४ किलोबाइट एवढेच आकार मानतो. एफएसयूटिल या कमांडनं आकार बघता येतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद करून विंडोजला ४ किलोबाइट सांगायला लावलं आणि मशीन रीस्टार्ट केलं की सर्व्हिस उभी राहते. त्याआधी काहीही अनइन्स्टॉल करू नका. एमडीएफ आणि एलडीएफ या डेटाबेसच्या मूळ फाइली प्रथम दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

आमची काम करण्याची पद्धत या सगळ्यातून घडत गेली. एररचा संदेश तोंडी ऐकायचा नाही, फोटो मागवायचा. आधी सर्व्हरवर बसून बघायचं, नंतर नोडवर. सर्व्हिस चालू आहे का, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये एरर आली त्या मिनिटाला काय नोंदलं गेलं, आणि तरीही कळलं नाही तर प्रोसेस मॉनिटर. हे मोफत साधन प्रोग्राम कोणती फाइल, कोणती रजिस्ट्री नोंद मागतो ते ओळीओळीनं दाखवतं. 'ॲक्सेस डिनाइड' असलेली ओळ सापडली की बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं. 'नेम नॉट फाउंड' मात्र निरोगी प्रोग्राममध्येही शेकड्यानं दिसतं, त्यामुळे अनुभव नसलेल्या मुलाला आम्ही चालणाऱ्या मशीनवरची नोंद आधी वाचायला लावतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. आता आमचा बराचसा वेळ अपग्रेडच्या आधीच्या तपासणीत जातो : सॉफ्टवेअर किती बिटचं, डेटा कुठे, कोणता डेटाबेस, डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी किल्ली) असेल तर त्याचा ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी ही विंडोजची सुरक्षा सोय चालू असताना चालतो का, प्रिंटर कुठून शेअर केलेला. मग एकच मशीन अपग्रेड करायचं, तेही महिनाअखेर टाळून, आणि रोज त्यावर बसणाऱ्या माणसानं स्वतःच्या साध्या लॉगिननं बिल, रिटर्न, रिपोर्ट आणि बॅकअप करून बघायचा. जुन्या विंडोजवर परत जाण्याची सोय साधारणपणे १० दिवसच असते, त्यामुळे ही चाचणी त्या मुदतीत उरकावी लागते. बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर होऊन त्यात आजचं शेवटचं व्हाउचर दिसलं, की मग उरलेल्या मशीनना हात लावतो.