तुम्ही विचारलंत म्हणून: हिला तोंड का नाही?

माझ्या स्टुडिओत प्रेसच्या वर एक पोस्टर लावलंय. पंगतीला बसलेल्या काळ्या-करड्या आकृत्या, डोक्यावर केस नाहीत, बदामाच्या आकाराचे डोळे थेट आपल्यावर, आणि तोंडच नाही. येणारा प्रत्येकजण हेच विचारतो.

चित्र बेल्किस आयोनचं, 1967 साली हवानात जन्मलेल्या मुद्राचित्रकाराचं. जवळजवळ सगळी कारकीर्द तिनं एकाच कथेला दिली. अबाकुआ हा क्यूबातला पुरुषांचा गुप्त पंथ. आजच्या नायजेरिया-कॅमेरून भागातून गुलाम करून आणलेल्या माणसांनी त्याची बीजं नेली आणि 1836 मध्ये हवानाजवळच्या रेग्लात तो उभा राहिला. त्याची मूळकथा सिकानची. ती नदीवर पाणी भरायला गेली आणि तान्झे हा दैवी मासा तिच्या भांड्यात आला. त्याचा आवाज सगळ्यांत आधी ऐकला तो तिनं. कुणाला सांगू नकोस, असं बजावलेलं असताना तिनं होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. तिला ठार मारलं. माशाचा गेलेला आवाज परत मिळावा म्हणून ढोलावर तिचंच कातडं चढवलं, असंही सांगतात. पंथात बाईला आजही प्रवेश नाही.

बोलली म्हणून मारली, म्हणून तोंड नाही, असं मी पूर्वी सांगायचे. आता म्हणते, आधी डोळे बघा. त्या डोळ्यांना सगळं ठाऊक आहे.

बेल्किस कोलोग्राफ करायची. पुठ्ठ्यावर कागदाचे तुकडे, पॉलिश पेपर असं काय काय चिकटवायचं, कापायचं, वॉर्निश मारायचं. शाई फासून पुसली की गुळगुळीत जागा उजळ राहते, खरखरीत जागा शाई धरून ठेवते. सोव्हिएत मदत आटल्यावर क्यूबात कागद-शाईपासून सगळ्याचीच टंचाई होती; त्याच काळात, 1991 मध्ये, तिनं पोस्टरवरचं हे 3 मीटर रुंदीचं 'ला सेना' (म्हणजे रात्रीचं जेवण) वेगवेगळ्या कागदांवर तुकड्यातुकड्यांनी छापलं. येशूच्या शेवटच्या भोजनाची पंगत, पण त्याच्या जागी सिकान, भोवती बायका. सिकानसाठी ती स्वतःलाच मॉडेल म्हणून वापरायची.

1999 मध्ये, 32 व्या वर्षी, तिनं आयुष्य संपवलं. हे कळलं की लोक चित्रात फक्त तिचा मृत्यू शोधू लागतात. मला ते अजिबात पटत नाही. मरायच्या कितीतरी आधी तिनं सिकानला पंगतीच्या मधोमध बसवलं होतं.

भिंग टेबलावरच असतं. अंगावरचे माशाचे खवले जवळून बघा, एकेक कापलाय.